थ्रेशर शार्कच्या बेटावरचा बोटाएवढा मासा

फिलिपिन्समधल्या मालापास्कुआला लोक जातात ते थ्रेशर शार्कसाठी, म्हणजे लांबलचक शेपटीच्या शार्कसाठी, आम्हीपण त्यासाठीच गेलेलो, सेबूहून बसने उत्तरेला माया बंदर आणि तिथून बांका बोटीने बेटावर. शार्क दिसला, भारीच होता, पण त्याच्यावर लिहिणारे ढिगाने आहेत. मला सांगायचंय मँडरिन फिशबद्दल.

दिवसा हा सहसा दिसत नाही. सूर्य बुडायच्या सुमाराला स्कूबा डायव्हिंग करत लाइटहाउस रीफ ह्या प्रवाळाच्या जागेवर उतरायचं, आणि खाली बघावं तर नुसता तुटक्या प्रवाळाचा खच, मधेमधे काटेरी सी अर्चिन, म्हणजे कोणी ढुंकून बघणार नाही अशी जागा. पण ह्याला नेमकं हेच लागतं, फटीफटीतून सरकत कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या नात्यातले अगदी बारीक जीव, टिपत बसायचं. म्हणून तर हौसेने घरच्या टँकमधे आणलेले बरेचसे उपाशी मरतात, साधं फिशफूड खातच नाहीत. आणू नका राव.

पांढऱ्या उजेडाला बुजतो म्हणून गाइडकडे लाल टॉर्च होता, आणि लाल उजेडात त्याचा निळा चक्क काळपट दिसतो! तेवढ्यात दुसऱ्या ग्रुपमधल्या एका कॅमेरावाल्याने फ्लॅश मारला. मासा गायब. डोकं फिरलं, पण खरं सांगायचं तर तो झगझगीत निळा आणि त्यावरच्या केशरी वळणदार रेघा मला दिसल्या त्या त्याच्याच कृपेने. बहुतेक प्राण्यांमधे निळा हा नुसता प्रकाशाचा खेळ असतो, ह्याच्या कातडीत मात्र खरंखुरं निळं रंगद्रव्य आहे. अंगावर खवले नाहीत, त्याऐवजी जाड, घाण वासाचा चिकट थर, त्यामुळे खायच्या भानगडीत फारसं कोणी पडत नसावं.

थोड्या वेळाने परत हालचाल. पाठीवर लांब काटेरी पर असलेला मोठा तो नर, मादी येऊन त्याच्या पोटाखालच्या परावर टेकली आणि दोघं गालाला गाल लावून हळूहळू वर, साधारण मीटरभर, तिथे अंडी सोडली आणि सटकन खाली. झालं एवढंच, काही सेकंदांचं काम. अंडी पाण्याबरोबर वाहत जातात, आईबाप बघायलाही थांबत नाहीत.

जाणार असाल तर बॉयन्सी, म्हणजे पाण्यात वरखाली न होता तरंगत राहणं, आधी पक्की करा, कारण हे सगळं रीफला हात न लावता एका जागी तरंगत बघायचं असतं. आणि शार्कची बोट भल्या पहाटे निघते, त्यामुळे दोन्ही लागोपाठ ठेवलंत तर झोपेचं खोबरं होणार हे धरून चला.