पिल्लांच्या खोक्याला वास येतोय? आधी पाण्याचं भांडं बघा

कोंबडीची पिल्लं घरात वाढवताना नाकाला झोंबतो तो अमोनिया. विष्ठा कोरडी राहिली तर तो फारसा तयार होत नाही. ओल लागली की जिवाणू कामाला लागतात. म्हणून खरा गुन्हेगार बहुतेक वेळा पाण्याचं भांडं. ते लाकडी ठोकळ्यावर, पिल्लांच्या पाठीच्या उंचीला ठेवा आणि पिल्लं वाढतील तसं उचलत जा. जमिनीवर ठेवलंत की पिल्लं त्यात खाली अंथरलेला भुसा उकरतात, पाणी सांडतं आणि भांड्याभोवती काळपट, चिकट थर बसतो. तो थर रोज काढा. बाकीचा भुसा हलवून वर मूठभर नवा पसरा.

खाली रंध्याचे छिलके किंवा तूस, ५ ते ७ सेंमी. नुसता वर्तमानपत्राचा कागद नको: पाय घसरून फाकतात, शिवाय ओल शोषली जात नाही. उग्र वासाचं लाकूडही टाळा.

वास तपासायचा तो उभं राहून नव्हे, नाक पिल्लांच्या उंचीला नेऊन. तिथे डोळे चुरचुरले तर त्यांचेही चुरचुरतात. खोकं वरून जाळीचं ठेवा, पण वाऱ्याचा थेट झोत नको. सुगंधी फवारे तर नकोच. अमोनिया तसाच राहतो आणि पिल्लांच्या फुप्फुसांना वर आणखी त्रास.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वास अचानक वाढला, तर जागा कमी पडतेय. खोकं मोठं घ्या.