लाल ठिपका

बायपास झालेल्या पेशंटला छातीपेक्षा पाय जास्त छळतो, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. हृदयाला जोडायची शीर पायातून काढतात, त्यासाठी पोटरीवर लांबलचक चीर द्यावी लागते. छातीचं हाड तारेने बांधलेलं असतं, ते दोन-तीन महिन्यांत जुळून येतं. पण मधुमेह असला की पोटरीवरची चीर हट्टाला पेटते. आबांची तशीच पेटली.

आबा कराडकडचे. ऊस, दोन म्हशी, वय 67, आणि साखर एवढी की सिस्टर म्हणायची, कारखान्याला नेऊन घाला. टाके काढले आणि तिसऱ्या दिवशी पोटरीच्या मधोमध चीर उकलली. सर्जनांनी मेलेलं मांस काढून जखम साफ केली, इन्सुलिन वाढवलं, रोजचं ड्रेसिंग लावून दिलं. मी त्या हॉस्पिटलात फिजिओ. बायपासवाल्यांना फुंकायला लावणं, खोकायला लावणं, चालवणं हे माझं रोजचं काम. पण आमच्या खात्यात एक लेझरचं मशीन होतं. सर्जन म्हणाले, "लावून बघा. नुकसान तर नाही."

लेझर म्हटलं की लोकांना कापणं, जाळणं आठवतं. आमचा तसला नव्हे. 200 मिलिवॉट ताकद, 808 नॅनोमीटर तरंगलांबी. त्याने साधं कोमटही वाटत नाही. कल्पना अशी की पेशीतल्या मायटोकाँड्रियात सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं एक प्रथिन असतं, ते हा प्रकाश शोषतं, पेशीला जास्त ऊर्जा मिळते आणि दुरुस्तीचं काम जोर धरतं. जास्त दिला तर उलटाही परिणाम होतो, म्हणून डोस मोजून द्यायचा. जखमेच्या कडेने दर दीड सेंटीमीटरवर एक बिंदू, प्रत्येक बिंदूला 20 सेकंद, म्हणजे 4 ज्यूल. आबांच्या जखमेभोवती असे 14 बिंदू बसत. प्रोबला, म्हणजे मशीनच्या हातात धरायच्या टोकाला, स्वच्छ प्लॅस्टिक गुंडाळायचं, दोघांनीही चष्मे लावायचे. आबांना तो हिरवा चष्मा फार आवडे. सूनबाईंना फोटो काढायला लावला होता.

आठवड्यातून तीनदा आबा यायचे. दर सोमवारी मी जखमेवर पारदर्शक कागद ठेवून मार्करने कड गिरवून घ्यायची. सुरुवातीला 9 सेंटीमीटर लांब, 3 रुंद. पिवळट बुळबुळीत थर गेला, खालून लालभडक दाणेदार मांस भरून यायला लागलं, कडा आत सरकल्या. सहाव्या आठवड्यात 4 बाय 1. ते सगळे कागद एकावर एक ठेवले की मातीचा बांध पावसात खचत जावा तशी जखम आकसताना दिसे. गुरुवारच्या मीटिंगमध्ये मी ते कागद सर्वांना दाखवले. थोडं मिरवलंच, खोटं कशाला बोलू.

त्यानंतरच्या मंगळवारी बायोमेडिकलचा मुलगा मशीन तपासायला आला. खरं तर वर्षाला यायचा; या खेपेला 14 महिने झाले होते, कागदपत्रं कुठल्या तरी टेबलावर अडकली होती. त्याने प्रोब पॉवर मीटरवर टेकवला, बटण दाबलं, मग मीटर हलवून पाहिला. पुन्हा टेकवला.

"मॅडम, हे नऊ दाखवतंय."

"एकशे नव्वद?"

"नऊ. नुसते नऊ."

मशीनच्या पडद्यावर मात्र ठसठशीत 200 लिहिलेलं. पडदा आपण काय मागितलं ते दाखवतो, बाहेर काय पडलं ते नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण कधी मनावर घेतलं नव्हतं. 808 नॅनोमीटर म्हणजे अवरक्त प्रकाश, डोळ्याला दिसतच नाही. प्रोबच्या तोंडाशी जो लाल ठिपका दिसतो तो नेम धरण्यापुरता, वेगळ्याच छोट्या दिव्याचा. तो दिवा ठणठणीत होता. मधला डायोड, म्हणजे खरा लेझर देणारा भाग, कधीचा तरी मेला होता, किंवा हळूहळू मरत आला होता. टेन्स, म्हणजे दुखण्यावर विजेचे हलके झटके देणारं मशीन, लावलं की मुंग्या येतात, मशीन बंद पडलं तर पेशंटच सांगतो. लेझरचं तसं नाही. चालू असताना काही जाणवत नाही आणि बंद असतानाही नाही.

मुलगा निघून गेल्यावर मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. 9 मिलिवॉटने 20 सेकंदांत 0.18 ज्यूल. 4 ज्यूल द्यायचे तर एका बिंदूला साडेसात मिनिटं धरावं लागलं असतं, 14 बिंदूंना पावणेदोन तास. मी आबांना लेझर दिलाच नव्हता. 17 वेळा एक लाल ठिपका दाखवला होता.

कॉलेजात ऐकलेली गोष्ट तेव्हाच आठवली, आणि हसू आलं. ही सगळी विद्या बुडापेस्टमध्ये 1967 च्या सुमारास सुरू झाली. एन्द्रे मेस्टर नावाचे सर्जन उंदरांच्या गाठी रूबी लेझरने जाळू पाहत होते, कारण अमेरिकेत कुणाला ते जमलं होतं. मेस्टर यांचं लेझर त्यांच्या समजुतीपेक्षा फारच अशक्त निघालं. गाठी काही गेल्या नाहीत, पण भादरलेल्या जागी केस लवकर उगवले आणि चिरेची जखम लवकर भरली. म्हणजे आमच्या शास्त्राचा जन्मच दुबळ्या मशीनच्या पोटी. पण दुबळं वेगळं आणि मेलेलं वेगळं.

संध्याकाळी सर्जनना सांगितलं. त्यांनी कागद पुन्हा एकदा चाळले आणि म्हणाले, "मग ही भरली कशाने?" मला वाटलं चिडतील, पण त्यांना खरोखरच उत्सुकता होती. आम्ही फाइल काढली. उपाशीपोटीची साखर 310 वरून 130 वर आली होती. सूनबाई रोज दोन अंडी खायला घालत होत्या, हे आहारतज्ज्ञांच्या नोंदीत होतं. माझ्याकडे येण्याच्या निमित्ताने आबा आठवड्यातून तीनदा गेटपासून आमच्या खात्यापर्यंत चालत होते आणि येतील तेव्हा सिस्टरकडून ड्रेसिंग करून घेत होते. घरी असते तर ते ड्रेसिंग किती वेळा झालं असतं, देव जाणे.

याचा अर्थ लेझर थोतांड आहे असा मी काढत नाही. कॅन्सरच्या किरणोपचारात तोंड सोलवटतं, त्यावर याचा उपयोग चांगला सिद्ध झालाय, आंतरराष्ट्रीय शिफारशींत त्याला जागा आहे. ऑपरेशनच्या जखमांबाबत मात्र पुरावा विस्कळीत आहे. प्रत्येक अभ्यासात तरंगलांबी निराळी, डोस निराळा. आता मला आणखी एक शंका छळते: त्यातल्या किती जणांनी मीटर लावून पाहिला असेल?

ऑफिसात पैशांवरून वाद झाला. मी म्हणाले, न दिलेल्या उपचाराचं बिल परत करा. "पेशंट बरा झालाय ना, मग?" असं उत्तर मिळालं. चार दिवसांनी कुरकुरत परत केले. 14 महिन्यांत आणखी 31 जणांना तो ठिपका दाखवला होता. त्यांच्या याद्या काढत मी दोन रविवार घालवले.

आबांना सांगताना माझ्या पोटात गोळा आला होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी मोटार घूं घूं करत हुती, पर पाटात पानीच न्हवतं."

"होय आबा."

"मग पीक आलं ते?"

"इन्सुलिन, अंडी, ड्रेसिंग. आणि तुमचं चालणं."

आबांनी सूनबाईंकडे पाहिलं. "हिला द्या मग ते पैसं," म्हणाले. थोड्या वेळाने विचारलं, "चष्मा मिळंल का वो, एक?"

नवा प्रोब यायला तीन आठवडे लागले. तोवर आबांची जखम मिटली होती, खपलीही पडून गेली होती. हल्ली रोज सकाळी मी प्रोबचा झोत पांढऱ्या कागदावर टाकते आणि फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघते. जांभळट ठिपका उमटतो. पण त्याने मोटार चालू आहे एवढंच कळतं, पाणी किती ते नाही. 9 मिलिवॉटही तिथे झगझगीतच दिसले असते. म्हणून भांडून एक पॉवर मीटर विकत घ्यायला लावला.

नव्या प्रोबखाली पहिल्या आल्या त्या साताऱ्याच्या एक बाई, तीच पोटरी, तशीच उकललेली चीर. पूर्ण 200 मिलिवॉट, दर वेळी आधी मोजून. दोन आठवडे झाले, सोमवारचे दोन्ही कागद एकावर एक ठेवले तर रेघ रेघेवर बसते. उद्या त्यांच्या साखरेचा चार्ट घेऊन बसायचं आहे, आणि घरी जेवण कोण करतं ते विचारायचं आहे.