पहाटे पाच ते सात

एका हाताने बऱ्याच गोष्टी होतात. दात घासता येतात, चहा गाळता येतो, फळ्यावर लिहिताही येतं. केस मात्र बांधता येत नाहीत. रबरबँड बोटांवर चढवून पाहिलं, दातांत धरून पाहिलं, भिंतीला डोकं टेकवून पाहिलं. ऑपरेशन होऊन घरी आल्यावरच्या पहिल्याच पहाटे मी आरशासमोर रडवेली होऊन उभी होते. सासूबाई उठून आल्या, हातातून कंगवा घेतला आणि म्हणाल्या, "बस खाली. पाच वाजले, तुझी वेळ झाली."

माझी वेळ. गेली सहा वर्षं पाच ते सात ही माझी वेळ आहे. सायकल काढून मुलुंड पूर्वेतून निघायचं, ईस्टर्न एक्स्प्रेसवरून ठाण्याकडे जायचं नाहीतर ऐरोली पूल ओलांडून पलीकडे, आणि लेकीच्या डब्याला परत. दिवसभरातले तेवढेच दोन तास मी कुणाची शाळेतली बाई नसते, कुणाची आई नसते, सून नसते. पाय फिरतात आणि डोकं मोकळं होतं. आता हात गळ्यात, सायकल गॅलरीत आणि पुढचे तीन महिने तिला रस्त्यावर न्यायचं नाही. पण सासूबाई म्हणाल्या ते बरोबर होतं. सायकल बंद झाली होती, वेळ कुठे गेली होती?

पडले ते रविवारी, १४ जुलै २०२४ ला. रात्रभर पाऊस पडून गेला होता. सर्व्हिस रोडवर एका जागी पेव्हर ब्लॉक खचले होते आणि ब्लॉक नि डांबर यांच्यामध्ये बोटभर फट पडली होती. पाणी साचलेलं, फट दिसली नाही. पुढचं चाक तीत अडकलं आणि मी डाव्या खांद्यावर आदळले. वाळलेली काडी मोडल्यासारखा आवाज झाला, तो अजून कानात आहे. त्या फटीबद्दल माझ्या मनात आजही राग आहे. दुचाकीवर मागे लहान मूल बसवून जाणारे कितीतरी जण तिथून रोज जातात.

कॉलरबोन. सायकलवाल्यांचं हे नेहमीचं मोडणारं हाड. हात आणि धड यांना जोडणारं हे एकच हाड, त्यामुळे खांद्यावर पडलं की सगळा मार तिथून जातो. माझे तीन तुकडे झाले होते आणि टोकं एकमेकांवर चढली होती. पुष्कळांचं हे हाड नुसत्या झोळीवर जुळून येतं, पण माझं एवढं सरकलेलं होतं की डॉक्टरांनी पट्टी बसवायची ठरवली. टायटॅनियमची पट्टी आणि सात स्क्रू. ऑपरेशन नेमकं आषाढी एकादशीला, १७ जुलैला. मी भुलीसाठी उपाशी, सासूबाई एकादशीच्या उपाशी. बाहेर बाकड्यावर बसून त्या हरिपाठ म्हणत होत्या, हे मला नंतर नवऱ्याने सांगितलं.

पहिले दहा दिवस आडवं झोपता येत नव्हतं. पाठीशी चार उशा लावून बसल्या बसल्या झोप. आणि शरीराला सवय अशी की पावणेपाचला डोळे टक्क उघडायचे. आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर मेसेज सुरू व्हायचे, "निघालो", "चेकनाक्यावर थांबतो". मी पहिल्या आठवड्यात ग्रुप म्यूट करून टाकला. वाचवत नव्हतं.

त्यातून वाट काढली ती पावसाने. मी शाळेत भूगोल शिकवते. हवामान खात्याची मुंबईत दोन रडार आहेत, एक कुलाब्याला आणि एक वेरावलीला. त्यांची चित्रं कुणालाही बघता येतात. एका पहाटे उशांना टेकून मी ती उघडली. समुद्रावरून एक पिवळा-नारिंगी पट्टा आत सरकताना दिसला. ग्रुप उघडला, दोघंजण निघायच्या बेतात होते. मी लिहिलं, "अर्धा तास थांबा, मोठी सर येतेय." पंचवीस मिनिटांत आमच्या खिडकीवर धो-धो पाऊस. त्या दिवसापासून ते माझं काम झालं. पावणेपाचला उठायचं, रडार बघायचं आणि कुणी कुठे जावं ते सांगायचं. भांडुपला ऊन आणि ठाण्याला झोड, असं इथे जुलैमध्ये नेहमीच असतं. कुठे खड्डा नवा पडलाय, कुठे पाणी तुंबतं, हेही लोक मलाच कळवायला लागले. मी एक वही केली. गणपतीपर्यंत त्या वहीची चाळीस पानं भरली होती.

माझं ऑपरेशन झालं त्याच दिवसांत टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा शेवटचा आठवडा चालू होता. डेन्मार्कचा सायकलपटू योनास विंगेगोर एप्रिलच्या सुरुवातीला बास्क प्रांतातल्या शर्यतीत पडला होता. कॉलरबोन मोडलेलं, बरगड्या मोडलेल्या, फुप्फुसाला इजा. बारा दिवस हॉस्पिटलात. आणि १० जुलैला त्याने आघाडीवरच्या पोगाचारला शेवटच्या स्प्रिंटमध्ये मागे टाकून टप्पा जिंकला! २१ तारखेला नीसला शर्यत संपली तेव्हा तो एकूणात दुसरा होता. मी शेवटची टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्याने घड्याळाशी लावलेली शर्यत, मांडीवर फोन ठेवून पाहिली. त्याचं वय, त्याची टीम, त्याचे डॉक्टर यांतलं काही माझ्याकडे नाही हे मला कळतं. पण त्याच्या खांद्यातलं हाड आणि माझ्या खांद्यातलं हाड एकाच रीतीने जुळतं, एवढं मला त्या रात्री पुरेसं होतं.

फिजिओने पहिल्या दिवसापासून बोटं, मनगट आणि कोपर हलवायला लावलं. खांद्याचं नंतर. टेबलाला उजवा हात टेकवून पुढे वाकायचं आणि डावा हात नुसता लोंबकळू द्यायचा, घड्याळाच्या लंबकासारखा. आपण हलवायचा नाही, अंगाच्या झोक्याने तो हलला पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या दिवशी हात इतका परका वाटला की जणू दुसऱ्या कुणाचा तरी खांद्याला टांगलाय. मग दाराला दोरी-कप्पी आली. उजव्या हाताने ओढायचं, डावा वर जातो.

आणि भिंत. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी भिंतीवर बोटांनी चढायचं, तर्जनी आणि मधलं बोट एकाआड एक, मुंगीसारखं. जिथे दुखून थांबावं लागेल तिथे पेन्सिलीने खूण करायची आणि तारीख लिहायची. त्याच दाराच्या चौकटीवर लेकीची उंची वर्षावर्षाला मोजून लिहिलेली आहे. ३ ऑगस्टला माझी खूण तिच्या दुसरीतल्या खुणेपाशी होती. तिने पाहिलं आणि म्हणाली, "आई, मी तिथून इथवर यायला तीन वर्षं घेतली." रोज शाळेतून आली की आधी खूण बघायची. काही दिवस खूण तिथल्या तिथेच राहायची, एकदा तर दोन बोटं खाली आली. त्या दिवशी मी स्वयंपाकघराची जड खिडकी डाव्या हाताने ओढली होती. रात्रभर ठणका लागला. फिजिओ ओरडली नाही, एवढंच म्हणाली की हाड जुळतंय हे तुम्हाला आतून दिसत नाही, म्हणून दुखणं काय सांगतं ते ऐका. तेव्हापासून मी ऐकायला लागले. पडून राहणं वेगळं आणि सांभाळून हलत राहणं वेगळं. येणारे-जाणारे सगळे पडून राहा म्हणत होते आणि निम्मे तर सायकल विकून टाक म्हणत होते. आईने तर फोनवर शपथ घातली. तिला दुखवायचं नव्हतं म्हणून गप्प राहिले, पण कबूल केलं नाही.

चालायला कुणाचीच ना नव्हती. सव्वापाचला केस बांधून झाले की निघायचं. पहिले काही दिवस बिल्डिंगच्या आवारात फेऱ्या, मग मिठागर रोडने. त्या रस्त्याने मी शेकडो वेळा सायकलवरून गेले आहे आणि मला तिथला एक माणूस माहीत नव्हता. पेपरांच्या गठ्ठ्याची सुतळी सोडणारी मुलं, दुधाचे क्रेट उतरवणारे दोन भाऊ, पावसात छत्री धरून देवाची फुलं तोडणाऱ्या आजी. महिन्याभरात सगळे विचारायला लागले, "हात काय म्हणतो?" तीन किलोमीटरवरून सहावर गेले. पावसात झोळी भिजू नये म्हणून वरून सैल रेनकोट, डावी बाही रिकामी.

गॅलरीतल्या सायकलचंही काहीतरी करायला हवं होतं. पडल्यापासून ती चिखलासकट तशीच उभी होती आणि पहिले पंधरा दिवस मला तिच्याकडे बघवलं नाही. मग एका रविवारी मी तिच्यासमोर पाटावर बसले. हेल्मेटला आतून बारीक तडा होता. ते टाकूनच द्यायचं, एकदा मार खाल्लेलं हेल्मेट दुसऱ्यांदा कामाचं नाही. मागचं चाक काढून नवऱ्याने मांडीवर ठेवून दिलं. जुन्या सुती साडीची काठाची पट्टी फाडली, वंगण काढणाऱ्या डीग्रीझरमध्ये बुडवली आणि एकेका दातेरी चक्राच्या मधून ओढत गेले. अकरा चक्रं. डाव्या हाताने कमरेच्या उंचीला पट्टीचं टोक धरणं मला आता मुभा असलेलं काम होतं. काळी पट्टी बाहेर यायची, खालून चंदेरी धातू दिसायचा. दोन तास लागले. एरवी मी हे दुकानात देऊन मोकळी व्हायचे. माझ्याच सायकलला मागे किती चक्रं आहेत ते मी त्या दिवशी पहिल्यांदा मोजलं.

पाचव्या आठवड्यात डॉक्टरांनी घरातल्या घरात पेडल मारायला परवानगी दिली, अट एकच, हँडलवर भार नाही. ग्रुपमधल्या एकाने आपला होम ट्रेनर, म्हणजे सायकल जागच्या जागी धरून ठेवणारा स्टँड, आणून दिला. खाली सतरंजी, त्यावर रबरी मॅट, तरी खालच्या काकूंना आधी जाऊन विचारून आले आणि त्यांनी संध्याकाळची वेळ दिली. सीटवर ताठ बसायचं, उजवा हात हलकेच टेकवायचा, डावा मांडीवर. पहिल्या दिवशी वीस मिनिटं. श्रावणातली दमट हवा, समोर टेबलफॅन, आणि घाम असा की हँडलवर टॉवेल घालावा लागला, नाहीतर गंज धरतो. सायकल जागची हलत नव्हती. पण पायांना तो गोल सापडला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. लेक दारातून बघत होती. तिने काही विचारलं नाही, फॅन थोडा माझ्याकडे वळवला.

२८ ऑगस्टच्या एक्स-रेमध्ये फटीभोवती नव्या हाडाचा ढगासारखा पांढरा गोळा दिसला. ७ सप्टेंबरला गणपती. उकड मळण्याचा जोर मला अजून चालत नव्हता, ती सासूबाईंनी मळली. पण पारी करून कळ्या पाडायला कोपर अंगाशी ठेवता येतं. डाव्या तळव्यावर पारी, उजव्या हाताची बोटं कळ्या चिमटीत घेत जातात आणि डावा हात पारी हळूहळू फिरवतो. ते फिरवणंच जमेल की नाही अशी धाकधूक होती. पहिला मोदक सात कळ्यांचा झाला आणि फाटला. एकविसावा अकरा कळ्यांचा होता. फिजिओला फोटो पाठवला, तिने उत्तर पाठवलं की आजचा व्यायाम झाला.

९ ऑक्टोबरला बारा आठवडे भरले आणि रस्त्यावर जायला हिरवा कंदील मिळाला. जखमेच्या खाली तळहाताएवढी जागा अजून बधिर आहे. ती बरेचदा बधिरच राहते म्हणतात. पर्सचा पट्टा पट्टीवर घासतो, म्हणून पर्स आता उजव्या खांद्यावर.

१२ तारखेला दसरा होता. लेकीने सायकलची पूजा केली, हँडलला झेंडूची माळ बांधली. दुसऱ्या दिवशी रविवार, पडल्याला बरोबर तेरा आठवडे. मी पावणेपाचला उठले. आरशासमोर दोन्ही हात वर केले, रबरबँड घेतला, केस गोळा केले. डावा कोपर खांद्याच्या वर गेला होता, थोडा ओढत, पण गेला होता.

मागे पावलं वाजली. सासूबाई कंगवा घेऊन उभ्या होत्या. माझ्या वर गेलेल्या हातांकडे त्यांनी पाहिलं.

"जमतंय की आता तुला," त्या म्हणाल्या.

मी रबरबँड त्यांच्या हातात दिला आणि खाली बसले.