आधीच्या मालकाची बैठक

जुनी मोटारसायकल घेताना तिच्यासोबत एक परका माणूसही घरी येतो, हे मी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडीवर पहिल्यांदा नीट बसलो तेव्हा माझ्या ध्यानात आले. ब्रेकची लिव्हर माझ्या बोटांना वाकडी पडत होती, आरसे माझ्या खांद्यांऐवजी मागच्या भिंतीवरचा मीटरबॉक्स दाखवत होते, मागच्या ब्रेकचा पायटा इतका खाली होता की तो शोधायला पाऊल चाचपडत न्यावे लागत होते. आणि टाकीच्या दोन्ही बाजूंना, जिथे गुडघे टेकतात तिथे, रंगाची चकाकी गेलेली होती. हे सगळे एका उंच, लांब हातांच्या माणसाचे माप होते आणि त्या मापात मी नवख्या भाडेकरूसारखा अवघडून बसलो होतो.

गाडी २०१९ सालची, हिरोची एक्सपल्स २००. डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांसाठी केलेली, १५४ किलो वजनाची, पुढे २१ इंची आणि मागे १८ इंची तारांची चाके असलेली. आपल्याकडे या जातीच्या गाड्या फार झाल्याच नाहीत. २०११ मध्ये इम्पल्स नावाची दीडशे सीसीची गाडी आली आणि काही वर्षांत बंद पडली. नंतर ही आली. मला तिच्यावरून पुण्याहून हिमाचलमधल्या स्पितीला जायचे आहे, म्हणजे जायचेच दोन हजारांहून अधिक किलोमीटर. मोठे इंजिन का घेत नाही, असे प्रत्येकाने विचारले. चिखलात आडवी पडलेली गाडी मला एकट्याला उभी करता आली पाहिजे, एवढाच माझा हिशेब होता. पन्नाशी जवळ आली की माणूस अश्वशक्तीआधी स्वतःच्या कमरेचा विचार करतो.

मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, विम्यावरचे नाव बदलणे ही कामे ज्या गतीने व्हायची त्याच गतीने झाली. त्यांच्याविषयी लिहिण्याजोगे काही नाही.

खरी ओळख मेस्त्रींच्या गॅरेजात झाली. या गाडीला मधला स्टँड नसतो, म्हणून त्यांनी इंजिनाखाली लाकडी ठोकळा सारून पुढचे चाक अधांतरी केले आणि एका बोटाने हँडल अगदी सावकाश डावीकडून उजवीकडे नेले. बरोबर मधोमध आल्यावर ते किंचित अडले, जणू एखाद्या खाचेत बसले. पुन्हा नेले, पुन्हा तिथेच. मेस्त्री म्हणाले, "काका, कोनसेट गेलाय. गाडी सरळ रस्त्याला राबलीय." कोनसेट म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग. वर्षानुवर्षे हँडल सरळ धरून खड्डे घेतले की त्याच्या गोळ्या त्याच त्या जागी आपटत राहतात आणि तिथे बारीक खळगे पाडतात, मग गाडीला नाकासमोर चालायची अशी सवय लागते की वळणावर ती मनाविरुद्ध वळते. विकणाऱ्याने "फक्त हायवेलाच चालवली आहे" असे गुण म्हणून सांगितले होते. ते खरे निघाले.

नंतर त्यांनी लहान पाना घेऊन मागच्या चाकाच्या तारांवर एकेक टिचकी मारली. ताणलेली तार टणकन बोलते, सैल तार बद्द आवाज करते. चार तारा बद्द बोलल्या. चाकाची आउट, म्हणजे फिरतानाचा डोल, काढायला पाऊण तास लागला, आणि तबला लावणारा माणूस हातोडीने गट्टे ठोकताना जसा कान देतो तसाच चेहरा मेस्त्रींचा त्या पाऊण तासात होता. साखळी मागच्या चक्राच्या दात्यांवरून मागे ओढली तर निम्मा दाता उघडा पडत होता, तेव्हा साखळी आणि दोन्ही चक्रे एकत्रच बदलली. त्यातले एकच बदलणे ही खोटी काटकसर असते, कारण झिजलेला दाता नव्या साखळीलाही महिन्याभरात आपल्यासारखी करून टाकतो.

यानंतर सामान वाढवण्याची इच्छा होते, आणि दूरच्या प्रवासासाठी गाडी तयार करणाऱ्यांचे पैसे आणि डोके दोन्ही इथेच जातात. पुण्यातल्या नाना पेठेत एक चक्कर मारली तर ॲल्युमिनियमच्या पेट्या, जादा दिवे, पेट्रोलचे कॅन, क्रॅशगार्डवर अडकवायच्या पिशव्या, सगळे समोर टांगलेले असते. मीही कॅन हातात घेतला होता. मग घरी येऊन कागदावर मांडले: टाकी १३ लिटरची, गाडी लिटरला पस्तीस जाते असे धरले तरी साडेचारशे किलोमीटर होतात. किन्नौरकडून जाताना पोवारीचा पंप सोडला की पुढचा पंप स्पितीतल्या काझालाच, आणि ते अंतर दोनशेच्या आसपास. वाटेत वळसे घेतले तरी टाकी पुरते. कॅनचे काम उरले ते छायाचित्रात शोभण्यापुरते. दिव्यांचेही तसेच. वीस-वीस वॅटचे दोन दिवे म्हणजे सव्वातीन अँपिअर. इंजिन बंद असताना ते चालू राहिले तर या गाडीची सहा अँपिअर-तासांची बॅटरी दोन तासही टिकणार नाही. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचायचे असे ठरवले आणि दिव्यांचे पैसे वाचले. शिवाय कुंझुमच्या खिंडीत, साडेचार हजार मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्याही खाली येतो. तिथे अठरा अश्वशक्तीचे इंजिन साधारण अकराचे होते, त्यामुळे लादलेला प्रत्येक किलो आपल्यालाच वर चढवायचा असतो.

मात्र एका बाबतीत मी कंजुषी केली नाही. गाडीवरची पिशवी भरून, मी स्वतः बूट-हेल्मेटसह बसून, मागची स्प्रिंग किती दबते ते मोजले. मागच्या एक्सलपासून वर सरळ रेषेत चिकटपट्टीवर पेन्सिलीची खूण केली. चाक अधांतरी असतानाचे अंतर एकदा, मी बसल्यावरचे एकदा. मुलगा गुडघ्यावर बसून टेप धरत होता आणि "बाबा, पोट आत घेऊन फरक पडणार नाही," असे सांगत होता. मागच्या चाकाला वरखाली व्हायला १७० मिलिमीटर जागा आहे. त्यातला तिसरा हिस्सा, म्हणजे पंचावन्न-साठ मिलिमीटर, आपल्या वजनाने दबावा असा ठोकताळा आहे. आमचे उत्तर ७८ आले. शॉकॲब्सॉर्बरची स्प्रिंग तीन खाचा घट्ट केल्यावर साठावर आले. या मोजणीला एक पैसाही लागला नाही, आणि वळणावरच्या चालीत जो फरक पडला तो विकतच्या कोणत्याच वस्तूने पडला नसता.

मग ब्रेकची लिव्हर सैल करून माझ्या मनगटाच्या रेषेत आणली, पायटा उचलला, उभे राहून चालवताना पाठ वाकू नये म्हणून हँडलखाली वीस मिलिमीटरचे उंचवटे बसवले, आणि सीटवाल्याकडून रेक्झिन उसवून आतला फोम बदलून घेतला. पंक्चर मी आधी घरीच, मुद्दाम, काढून पाहिले. पहिल्या वेळी टायर उचकटायच्या लिव्हरने नवीच ट्यूब कापली. तेव्हापासून सोबत पुढच्या चाकाची २१ इंची ट्यूब असते, कारण ती गावोगावी मिळत नाही, आणि अडीअडचणीला ती मागच्या टायरमध्येही कोंबता येते.

आधीच्या मालकाच्या खुणा अशा एकेक करून गेल्या. सामानासाठी त्याने बसवून घेतलेला सॅडल स्टे, म्हणजे पिशव्या टेकायच्या दोन्ही बाजूंच्या सळया, तेवढा ठेवला, कारण या गाडीचा सायलेन्सर उजवीकडे वर असतो आणि आडवी सळई नसेल तर पिशवी त्यावर टेकून वितळते. डाव्या सळईवर जुन्या ट्यूबची काळी पट्टी गुंडाळलेली होती, तारेने आवळलेली, चिखलाने माखलेली. ती गबाळी दिसत होती. मी ती ब्लेडने कापून कचऱ्यात टाकली.

तालीम म्हणून कोकणात गेलो. ताम्हिणी उतरून श्रीवर्धन, बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवी, मग दापोली, आणि दाभोळहून पुन्हा बोटीने धोपावे. हँडल आता कुठेही अडत नव्हते. लाल मातीच्या उतारावर उभा राहिलो तेव्हा लिव्हर बरोबर दोन बोटांखाली आली आणि पायटा बुटाखाली आपोआप सापडला. गुहागरला मुक्कामी पिशवी सोडली, तर डाव्या बाजूचा पट्टा निम्मा कातरलेला. सळईच्या त्या जागी वेल्डिंगचा एक बारीक, धारदार कंगोरा होता. दोन दिवस पट्टा त्यावरच घासत होता.

सकाळी पंक्चरवाल्याकडून वीस रुपयांना जुन्या ट्यूबची पट्टी कापून घेतली, त्याच जागी गुंडाळली आणि तारेने आवळली.