आमची वाटचाल: सातपूरच्या शेडमधून

सातपूरला शेड घेतली तेव्हा आमच्याकडे काच कापायचं टेबल, काचांच्या कडा बंद करणारं ब्युटाइल लावायचं जुनं मशीन आणि आमचे मिस्त्री, एवढंच भांडवल होतं. पुढची वर्षं डीजीयू, म्हणजे मध्ये पोकळी ठेवून जोडलेल्या दुहेरी काचा, बनवण्यात गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही, पैसे वेळेवर येत होते.

मग ते पश्चिमेकडच्या दर्शनी भागाचं काम आलं. सॉफ्ट कोट लो-ई काच (उष्णता परतवणारं पातळ कोटिंग असलेली), ६-१२-६ (मिलिमीटरमध्ये काच, पोकळी, काच), ईसीबीसी २०१७ या इमारतींच्या ऊर्जा संहितेतल्या ०.२७ एसएचजीसीत (उन्हाची किती उष्णता आत येते त्याचं प्रमाण) बसणारी. काच टफन (भट्टीत तापवून कडक) होऊन आली आणि पार्टीने ऑर्डर रद्द केली. टफन काच पुन्हा कापता येत नाही, हे या धंद्यातल्या कोणाला सांगायला नको. माल शेडमध्ये उभा, बँकेची सीसी (खेळत्या भांडवलाची कर्जमर्यादा) संपलेली. मिस्त्रींनी पगार मागितला नाही.

ते पश्चिमेचं काम नेलं एका एजन्सीने, 'स्मार्ट काच' म्हणून. होती पीडीएलसी फिल्म! वीज दिली की पारदर्शक, बंद केली की दुधाळ. प्रकाश विखुरतो, पण ऊन बरंचसं आत येतंच. मीटिंग रूमला झकास आहे, पश्चिमेच्या उन्हाला काय कामाची? इलेक्ट्रोक्रोमिक काच वेगळी. टंग्स्टन ऑक्साइडच्या थरात लिथियमचे आयन शिरले की ती निळसर गडद होते. पाच व्होल्टच्या आत काम भागतं, पण मोठ्या खिडकीला काही मिनिटं लागतात. क्षणात बदलणारी काच दाखवून कोणी एसीच्या बिलाची गोष्ट करत असेल, तर आधी एसएचजीसीचा कागद मागा. आम्ही मागितला होता. ब्रोशर मिळालं.

त्या काळात एका डॉक्टर मॅडमनी दवाखान्याच्या खिडक्यांची चौकट चक्क आमच्या पडून असलेल्या मापाची करून घेतली. आजही त्यांचं काम असलं की मिस्त्री स्वतः जातात.

मिस्त्रींच्या खिशात लायटर असतो, विडीसाठी नव्हे. बाहेर उभं राहून डीजीयूसमोर ज्योत धरा, चार प्रतिबिंबं दिसतील. वेगळ्या रंगाचं आहे तिथे कोटिंग. आपल्या उन्हात ते बाहेरून मोजून दुसरं हवं. तिसरं निघालं तर काच उलटी बसवली आहे, बिल थांबवा.

आता इलेक्ट्रोक्रोमिकचीही कामं घेतो. फक्त चौकट ठरण्याआधी वायरमनला बोलवा. प्लास्टरनंतर भिंत फोडायचे पैसे आम्ही कोटेशनमध्ये धरत नाही.