अमुक पक्ष फॅसिस्ट आहे का? तुम्ही विचारलंत म्हणून

मी इतिहास शिकवतो हे कळलं की पाचव्या मिनिटाला हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, माझ्याकडून फक्त शिक्का हवा असतो. 'तमुक पक्ष समाजवादी ना?' म्हणणाऱ्यांचंही तेच.

पहिली अडचण अशी, की या दोन शब्दांची जातकुळीच वेगळी आहे. समाजवादाचा मूळ प्रश्न मालकीचा : जमीन, खाणी, कारखाने कुणाचे? फॅसिझमचा प्रश्न सत्तेचा. इटलीत फॅसिझम आणणाऱ्या मुसोलिनीने कारखाने मालकांकडेच राहू दिले, पण १९२६ साली संपावर बंदी घातली. तेव्हा एकाच फूटपट्टीच्या दोन टोकांना हे शब्द ठेवून पक्ष मोजायला बसलं की घोळ ठरलेला.

नावावर तर जाऊच नका. हिटलरच्या पक्षाच्या नावात 'समाजवादी' आणि 'कामगार' दोन्ही होते. २ मे १९३३ला त्याच पक्षाच्या लोकांनी कामगार संघटनांची कार्यालयं बळकावली. भारतात १९८९पासून नोंदणी करू पाहणाऱ्या प्रत्येक पक्षाला आपल्या घटनेत समाजवादावर निष्ठा लिहावी लागते. म्हणजे कागदावर सगळेच समाजवादी! ब्रिटनच्या मजूर पक्षाने उत्पादनसाधनांच्या सामायिक मालकीचं कलम १९१८मध्ये स्वीकारलं आणि १९९५मध्ये बदललं. मधल्या काळात तो अनेकदा सत्तेवर आला, काही उद्योग सरकारी झालेही, पण ते कलम पूर्ण कधी अमलात आलं नाही.

मला खरी धास्ती वाटते ती शब्द झिजण्याची. (कॉलेजात असताना रात्री दहाला दार लावणाऱ्या रेक्टरना मी फॅसिस्ट म्हणत असे, तेव्हा हे स्वतःलाही सांगतोय.) १९२०च्या दशकाच्या अखेरीस कोमिन्टर्नने, म्हणजे मॉस्कोहून चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेने, सोशल डेमोक्रॅट (निवडणुकीच्या मार्गाने समाजवाद आणू पाहणारे) म्हणजे 'सामाजिक फॅसिस्ट' असं ठरवलं आणि जर्मन कम्युनिस्टांनी ते उचलून धरलं. सोशल डेमोक्रॅटही कमी नव्हते, त्यांनीही कम्युनिस्टांना नाझींच्याच पंगतीला बसवलं. नोव्हेंबर १९३२च्या जर्मन निवडणुकीत नाझींना १९६ जागा मिळाल्या. सोशल डेमोक्रॅट १२१, कम्युनिस्ट १००. बेरीज तुम्हीच करा. ते एकत्र आले असते तर सगळं टळलं असतं असा माझा दावा नाही. पण २३ मार्च १९३३ला हिटलरला सर्वाधिकार देणारा कायदा आला, तेव्हा कम्युनिस्ट खासदार तुरुंगात होते, भूमिगत होते, नाहीतर परागंदा. विरोधात पडलेली ९४ मतं सगळी त्या 'सामाजिक फॅसिस्टां'ची होती. जुलैच्या मध्यापर्यंत देशात एकच कायदेशीर पक्ष उरला.

म्हणून मी पक्षाचं नाव बाजूला ठेवतो आणि वागणूक बघतो. निवडणूक हरला तर खुर्ची सोडतो का? विरोधक त्याला प्रतिस्पर्धी वाटतो की देशाचा शत्रू? रस्त्यावर मारहाण करणारी त्याची स्वतःची फौज आहे का, आणि पोलीस तेव्हा कुठे बघतात? संघटना, वर्तमानपत्रं, न्यायालयं त्याच्या हाताखाली नसतील तर त्याला चालतं का?

यातलं एखादं लक्षण दिसलं तर मी तेवढंच सांगतो. मग विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. "ते ठीक आहे हो, पण मग हो की नाही?"