तुम्ही विचारलंत म्हणून: "ओरिजिनल आहे का?"

सिग्नलला शेजारी थांबलेला बाइकवाला असो, नाहीतर जुन्या गाड्यांच्या मेळाव्यातले जाणकार, माझी जुनी जीप बघून प्रश्न ठरलेला: "ओरिजिनल विलीज, की महिंद्राच?"

महिंद्राच. मॉडेल सीजे थ्री बी. बॉनेट उंच दिसतं, कारण 1953 मध्ये विलीज या अमेरिकी कंपनीने बसवलेलं हरिकेन इंजिन जुन्या बॉनेटखाली मावेना. तोच आराखडा परवान्यावर आपल्याकडे बनला. आणि ओरिजिनलचंच म्हणाल, तर जीपचा पहिला नमुना 1940 मध्ये बॅन्टम या दुसऱ्याच कंपनीने केला. दुसऱ्या महायुद्धात विलीजच्या एमबी या लष्करी जीपच्या जोडीला फोर्डची तशीच जीपीडब्ल्यू होती. ज्या पुढच्या पत्र्याच्या जाळीवरून तुम्ही जीप ओळखता, तीसुद्धा मुळात फोर्डची. विलीजची सुरुवातीची जाळी सळ्या वेल्ड केलेली असायची. मग यात ओरिजिनल कोण, ते तुम्हीच ठरवा.

मी एवढा का चिडतो, तेही सांगतो. एकदा गाडी रंगाला दिली. मूळचाच रंग हवा, हे बजावून. आणायला गेलो तर ऑलिव्ह ग्रीन, बॉनेटवर पांढरा तारा. डॅशबोर्डवरची महिंद्राची पट्टी गायब; तिथे विलीजची चकचकीत नक्कल, नव्या रिव्हेटांनी ठोकलेली. "साहेब, आता कुण्णी विचारणार नाही," म्हणत कारागीर शाबासकीची वाट बघत उभा. जुनी पट्टी? भंगारात गेली. तिच्या कोपऱ्यावर वडिलांच्या किल्ल्यांचा जुडगा वर्षानुवर्षं घासून रंग उडाला होता. युद्ध संपल्यावर आठ वर्षांनी आलेल्या मॉडेलवर युद्धातला तारा! बरं, त्याने केलं ते प्रेमानेच, त्यामुळे धड भांडताही येईना. तारा घासून काढला, तरी तिरक्या उन्हात त्याची टोकं दिसतातच.

पूर्वी मीही "विलीजच हो, फक्त इथे बनलेली" असं उत्तर द्यायचो. त्यात खोटं काय होतं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. पण आता तसं म्हणवत नाही.

दुसरा प्रश्न: "फोर बाय फोर आहे ना? मग कायम लावून का चालवत नाही?" अहो, चारही चाकांना कायम ताकद देणं ऑल व्हील ड्राइव्हमध्ये. हिच्या ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीत, डिफरन्शियल नाही; म्हणजे दोन्हींना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी सोय नाही. पुढचा एक्सल जोडला की दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरणार. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. हा फरक चिखलात टायर घसरून जिरतो, कोरड्या डांबरावर जिरत नाही. स्टिअरिंग जड होतं, लिव्हर अडकून बसतो. थोडं रिव्हर्स घ्यावं, मग सुटतो. लो, म्हणजे जास्त जोराचा संथ गिअर, लावायचा तर आधी पुढचा एक्सल जोडायचा, त्याशिवाय लिव्हर हलतच नाही. तुमच्या विलीजमध्येही हे असंच.

आणि हो, ते हरिकेन आता हिच्यात नाही. प्यूजोचं डिझेल आहे. त्यावर कृपया काही विचारू नका.